पिनकोडवर माल येत नाही, नंबर मात्र जातो

ऑनलाइन दुकानाला लेखी विचारायचं की माझी माहिती तुम्ही कोणाकोणाला दिलीत, आणि त्याचं लेखी उत्तर घ्यायचं. माझी मागणी एवढीच होती. नोव्हेंबरच्या शेवटी सुरू झालेलं प्रकरण फेब्रुवारीत कुठे मार्गी लागलं. वकील लागला नाही, पैसे फारसे गेले नाहीत, पण कोणाला काय लिहायचं हे कळेपर्यंत बरीच डोकेफोड झाली. तुमची तरी वाचावी म्हणून सगळं तारीखवार लिहिते. दुकानाचं नाव मुद्दाम देत नाही. अशी दुकानं पुष्कळ आहेत आणि रीत बहुतेकांची सारखीच.

आम्ही वेंगुर्ल्याचे. गेल्या पावसाळ्यात सासूबाई मागीलदारी घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. सप्टेंबरात त्यांच्यासाठी वॉकर याच दुकानातून मागवला होता, तो नीट आला. नोव्हेंबरात रात्रीपुरते मोठ्यांचे डायपर लागायला लागले. बाजारात ते मिळत नाहीत असं नाही. पण औषधाच्या दुकानात मागितले की संध्याकाळपर्यंत चार माणसं चौकशीला येतात, आणि आईंना तेच नको होतं. म्हणून ऑनलाइन.

२७ नोव्हेंबरच्या रात्री मी फॉर्म भरायला घेतला. नाव, मोबाइल नंबर, पिनकोड ४१६५१६. लगेच उत्तर आलं, ‘या पिनकोडवर ही वस्तू उपलब्ध नाही.’ कोकणात राहणाऱ्यांना हे वाक्य पाठ आहे. ऑर्डरचं बटण न दाबताच मी पान बंद केलं. तासाभरात व्हॉट्सॲपवर डायपरच्या पुड्याचा फोटो आणि निरोप, की तुमची खरेदी अर्धवट राहिली आहे. जी वस्तू ते मला पाठवूच शकत नव्हते, तिची आठवण मात्र करून देत होते.

नंतरचे काही दिवस जिथे जाऊ तिथे तेच. बातम्या वाचताना, रेल्वेचं तिकीट बघताना. आणि मग आईंच्या फोनवर. त्यांच्या फोनमध्ये माझंच गूगल खातं आहे, ॲप वगैरे मीच घालून देते, त्यामुळे जाहिराती तिकडेही पोचल्या. आई दशावताराचा व्हिडिओ बघत होत्या, शेजारच्या काकी बाजूला बसलेल्या, आणि संकासुर यायच्या ऐन वेळी मध्येच डायपर. आईंनी फोन पालथा घातला. काकी गेल्यावर मला म्हणाल्या, “गो, ह्यां कोणी सांगल्यान ह्येंका?”

मला उत्तर देता येईना. तिथून हे सगळं सुरू झालं.

६ डिसेंबरच्या शनिवारी सावंतवाडीहून भाचा आला. तो कॉम्प्युटर शिकतो. त्याने लॅपटॉपवर दुकानाचं तेच पान उघडलं, एफ १२ दाबून ब्राउझरच्या आतला ‘नेटवर्क’ नावाचा भाग उघडला आणि मला म्हणाला, “मामी, आता फॉर्म भर, बटण दाबू नको.” मी नंबर टाकला आणि पिनकोडच्या चौकटीवर क्लिक केलं. त्याबरोबर खाली ओळी सरकायला लागल्या. पान होतं दुकानाचं, पण निरोप जात होते भलत्याच पत्त्यांवर. कुठे जाहिरातीच्या कंपन्या, कुठे कोणी माउस कसा फिरतो याचं चित्रण करणारी. पानावर एक टिंबाएवढं पारदर्शक चित्र असतं, त्याला पिक्सेल म्हणतात. ते उघडलं की तुम्ही कोणतं पान पाहिलंत हे त्याच्या मालकाला कळतं. कुकी, म्हणजे संकेतस्थळ आपल्या ब्राउझरमध्ये ठेवतं ती ओळखीची छोटी नोंद, हा शब्द आपण ऐकलेला असतो, पण कुकी पुसून टाकल्या तरी मोबाइल नंबर बदलत नाही. म्हणून खरा जीव त्या नंबरात.

एका ओळीत अंक आणि अक्षरांची ६४ खुणांची लांबलचक माळ होती. भाच्याने माझा नंबर ९१ लावून घेतला, त्यावर एसएचए-२५६ नावाची प्रक्रिया आपल्या बाजूने चालवली आणि निघालेली माळ (तिलाच हॅश म्हणतात) शेजारी ठेवली. पहिल्या खुणेपासून शेवटच्या खुणेपर्यंत जुळली. म्हणजे बटण न दाबताच माझा नंबर, वेष पालटून का होईना, तिसऱ्याच कंपनीकडे गेला होता.

हे फक्त माझ्याच नशिबी नव्हतं. २०२२ साली युरोपातल्या संशोधकांनी एक लाख मोठ्या संकेतस्थळांची अशीच तपासणी केली होती. फॉर्म पाठवण्याआधीच ईमेल पत्ता माग काढणाऱ्यांकडे जाताना त्यांना युरोपातून पाहिल्यावर १,८४४ ठिकाणी आढळला आणि अमेरिकेतून पाहिल्यावर २,९५० ठिकाणी. तोच फॉर्म, तेच तंत्रज्ञान, पण जिथे कायद्याचा धाक जास्त तिथे हात थोडा आखडता. मला हा फरक आकड्यांपेक्षाही बोलका वाटला.

पुरावा ठेवण्याबद्दल दोन गोष्टी. नुसते स्क्रीनशॉट पुरत नाहीत. नेटवर्क भागातली सगळी नोंद ‘हार’ नावाच्या फाइलमध्ये जतन करता येते, ती करून ठेवा, पण ती कोणालाही पाठवू नका, तिच्यात तुमच्या खात्याच्या खाणाखुणाही असतात. दुसरं, फेसबुक वापरत असाल तर सेटिंगमध्ये जाऊन ‘मेटाच्या बाहेरील तुमची ॲक्टिव्हिटी’ अशा अर्थाचा विभाग शोधा. कोणकोणत्या दुकानांनी, ॲपनी तुमच्याबद्दल तिकडे कळवलं याची यादी तिथे मिळते. माझ्या यादीत किराण्याचं ॲप होतं, एक क्लास होता, आणि आमचं हे दुकान २७ नोव्हेंबरच्या तारखेसह होतं.

९ डिसेंबरला दुकानाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल केला. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे या अधिकाऱ्याचं नाव, हुद्दा आणि संपर्क संकेतस्थळावर द्यावाच लागतो, तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी लागते आणि निवारण एका महिन्यात. ग्राहक सेवेच्या चॅटवर वेळ घालवू नका, तिथे ‘तुमची गैरसोय झाली त्याबद्दल क्षमस्व’ यापलीकडे गाडी जात नाही. मी राग काढायचा मोह आवरला आणि प्रश्नच विचारले. माझ्याबद्दल तुमच्याकडे काय काय नोंदलेलं आहे? ते कोणाला दिलं, नावानिशी सांगा. फॉर्म पाठवण्याआधी नंबर घ्यायला माझी संमती कधी आणि कुठे घेतली? सगळं पुसून टाका आणि ज्यांना दिलं त्यांनाही पुसायला सांगा. पुसल्याचं लेखी कळवा. सोबत वॉकरच्या बिलाची प्रत.

पोच त्याच रात्री आली, यंत्राची. १५ तारखेला उत्तर आलं. तुमचा विश्वास आमच्यासाठी मोलाचा आहे, आमचं गोपनीयता धोरण वाचा, आणि तुमचा नंबर हॅश स्वरूपात जात असल्याने तुमची ओळख उघड होत नाही. धोरण मी वाचलं, इंग्रजीत होतं. त्यात ‘विश्वासू भागीदार’ हा शब्द सतरा जागी, भागीदारांचं नाव एकाही जागी नाही. हॅशचं म्हणणं तर सरळसरळ धूळफेक होती. एका नंबराची माळ नेहमी एकच निघते. समोरच्या कंपनीकडे माझा नंबर आधीच असेल तर तीही तीच माळ काढते, आणि जुळवाजुळव पुरी होते. ती जुळावी म्हणूनच तर पाठवतात. भाच्याने हेच आमच्या ओसरीवर बसून करून दाखवलं होतं.

याच दिवसांत शेजारच्या होमस्टेवाल्याशी बोलणं झालं. तो हसला. “ताई, मी पण लावतो तो पिक्सेल. नाहीतर पुण्यामुंबईचा पाहुणा माका गावतलो कसो?” त्याचंही खोटं नाही. समुद्राकडच्या खोल्या बघून गेलेल्या माणसाला पुन्हा खोल्याच दाखवल्या तर त्याचं काही बिघडत नाही. माझं भांडण न पाठवलेल्या फॉर्मशी आणि दुखण्याशी होतं. तेवढा फरक त्यालाही पटला.

२४ डिसेंबरला तहसील कार्यालयात राष्ट्रीय ग्राहक दिनाचा कार्यक्रम होता. १९८६ च्या पहिल्या ग्राहक कायद्याला याच तारखेला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली, म्हणून हा दिवस. भाषणं गॅस सिलिंडरच्या वजनाची आणि पेट्रोलच्या मापाची. शेवटी मी हात वर केला. ग्राहक चळवळीत अनेक वर्षं असलेले एक गृहस्थ होते, त्यांनी बाजूला बसवून घेतलं आणि पहिला प्रश्न केला, “ताई, बिल आहे ना?”

प्रश्न का महत्त्वाचा ते नंतर कळलं. ग्राहक आयोगात जायचं तर आधी तुम्ही कायद्याने ग्राहक ठरायला हवं, म्हणजे पैसे देऊन काही घेतलेलं हवं. डायपरची ऑर्डर तर झालीच नव्हती. वॉकरच्या बिलाने माझा पाय जमिनीला टेकला. तेव्हा जुनी बिलं डिलीट करू नका, ईमेलमधून शोधून एका फोल्डरात ठेवा.

दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली ती मला कुठेच सापडली नव्हती. सगळे नव्या डेटा कायद्याबद्दल बोलतात, पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, कलम २(४७) मध्ये, अनुचित व्यापारी प्रथांची यादी आहे. ग्राहकाने विश्वासाने दिलेली वैयक्तिक माहिती कायद्याचा आधार नसताना दुसऱ्याला देणं, हे त्या यादीत आहे. आज, आत्ता लागू असलेलं. शिवाय ३० नोव्हेंबर २०२३ ची ‘डार्क पॅटर्न’ विरोधी मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यात ग्राहकाला फसवणाऱ्या १३ क्लृप्त्या नावानिशी दिल्या आहेत. खोटी घाई, कार्टमध्ये गुपचूप वस्तू टाकणं, जबरदस्तीने माहिती मागणं, वगैरे.

नव्या कायद्याचं असं आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला. पण सगळं एकदम लागू नाही. संमती, माहिती मागण्याचा हक्क, पुसून घेण्याचा हक्क, ही मुख्य कलमं नियमांनंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतील. तेव्हा मात्र कोणाकोणाला माहिती दिली हे नावानिशी विचारता येईल आणि संमतीची सूचना मराठीतून मागता येईल, कारण राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांचा पर्याय कायद्यातच आहे. सुरक्षेत हयगय झाली तर २५० कोटींपर्यंत दंड. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपण हा मूलभूत हक्क ठरवला, तिथपासूनचा हा प्रवास. आपल्याकडे सगळं वेळेवर येतं असं कोण म्हणतं?

२६ डिसेंबरला राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन केला. मराठी निवडता येतं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं, कंपनीचं नाव, बिलाचा क्रमांक, ईमेलची तारीख विचारली आणि डॉकेट क्रमांक, म्हणजे तक्रारीचा नोंद क्रमांक, दिला. पैसे लागत नाहीत. कागदपत्रं पोर्टलवर चढवता येतात, व्हॉट्सॲपवरूनही तक्रार देता येते. हे दावा करण्याआधीचं मध्यस्थीचं ठिकाण आहे, निकाल देणारं न्यायालय नव्हे, हे लक्षात घेऊन जा म्हणजे अपेक्षाभंग होत नाही. पण फरक पडला. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात दुकानाकडून, या खेपेस माणसाने लिहिलेलं, उत्तर आलं. नंबर प्रचाराच्या यादीतून काढला आहे. कोणाला दिला होता, यावर अवाक्षर नाही.

मग मी सगळ्याचं एक पत्र तयार केलं, कलम २(४७) लिहून, आणि दुकानाच्या नोंदणीकृत पत्त्यावर स्पीड पोस्टाने पाठवलं. रजिस्टर पोस्ट आता स्पीड पोस्टातच विलीन झालंय, त्यामुळे खिडकीवर ‘रजिस्ट्रेशनसकट’ असं सांगावं लागतं. शंभर रुपयांच्या आत काम झालं.

२० जानेवारीला जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसला गेले. एसटीत बायकांना अर्धं तिकीट, तेवढीच बचत. जिल्हा ग्राहक आयोगात चौकशी केली. मला वाटलं होतं मुंबईला जावं लागेल, पण २०१९ च्या कायद्याने तक्रारदार जिथे राहतो तिथल्याच जिल्हा आयोगात तक्रार चालते. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकिलाची सक्ती नाही, आणि ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्याही दाखल करता येते. तिथल्या लिपिकाने एक प्रश्न विचारला तो मी घोळवत परत आले, “तुम्हाला नक्की काय मिळायला हवं?” भरपाई हवी तर मानसिक त्रासाचा आकडा लिहावा लागेल. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडावं लागेल, आणि गंमत अशी की त्या नमुन्यात फाइलचं हॅश मूल्यही लिहायचं असतं. मुदत दोन वर्षांची. म्हणजे मला नोव्हेंबर २०२७ पर्यंत वेळ आहे. हे कळल्यावर डोक्यावरचं ओझं निम्मं उतरलं, आणि मी त्या दिवशी काही दाखल केलं नाही.

त्याऐवजी कलेक्टर कचेरीत अर्ज दिला. अनुचित व्यापारी प्रथेची तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडेही करता येते, ते चौकशी करून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला अहवाल पाठवू शकतात. फार थोड्या लोकांना माहीत आहे हे. एकट्याच्या नुकसानीपेक्षा अनेकांचं होतंय असं वाटलं तर हा रस्ता बरा. अर्जाच्या दोन प्रती न्या, एकीवर आवक विभागाचा शिक्का, तारीख आणि क्रमांक घ्या. पोच नसलेला अर्ज म्हणजे न दिलेला अर्ज. झेरॉक्सला रांग होती आणि एक वाजता दुकान जेवायला बंद होतं, तेव्हा प्रती घरूनच काढून न्या.

२ फेब्रुवारीला दुकानाच्या कायदेविभागातून फोन. गोड बोलणं. तक्रार मागे घेतलीत तर पाचशे रुपयांचं कूपन देतो. मी विचारलं, ते डायपर आमच्या पिनकोडवर येतात का? नाही म्हणाले. “मग लेखी काय ते कळवा,” म्हणून फोन ठेवला. फोनवर काहीही कबूल करू नका, सगळं कागदावर मागा.

११ फेब्रुवारीला ते पत्र आलं. तीन पानांचा गोषवारा जोडलेला. तो वाचताना अंगावर काटा आला. २७ नोव्हेंबर, अमुक पान, ४७ सेकंद. मोजमापाचा तक्ता उघडला. मागे आली. नंबर टाकला. पिनकोड, सेवा नाही. आणि शेवटच्या रकान्यात माझ्यावर लावलेली चिठ्ठी, ‘एल्डर केअर, हाय इंटेंट, टियर ३’. घरात आजारी म्हातारं माणूस आहे, गरज निकडीची आहे, गाव लहान आहे. गावातल्या चार माणसांना कळू नये म्हणून धडपडलो ते इथे तीन शब्दांत मांडून ठेवलेलं. ज्यांना दिलं त्या कंपन्यांची नावंही होती, जाहिरातवाल्या आणि एक संदेश पाठवणारी. सर्व नोंदी पुसल्या आहेत आणि त्या कंपन्यांनाही तसं कळवलं आहे, असं खाली सहीनिशी. तिकडे खरोखर पुसलं गेलं का, हे तपासायचा मार्ग माझ्याकडे नाही.

पत्रात लिहिलं होतं की फॉर्म पाठवण्याआधी नंबर घेणारी सोय ‘तपासणीसाठी’ बंद केली आहे. भाच्याने महाशिवरात्रीला आल्यावर पुन्हा बघितलं, खरंच ती ओळ आता जात नाही. बाकीचे पिक्सेल जागेवर आहेत. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने सेफोरा या सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानाकडून २०२२ साली अशाच माग काढण्याच्या प्रकरणात १२ लाख डॉलर वसूल केले. तिथे ‘माझी माहिती विकू नका’ असा इशारा ब्राउझरच देतो आणि दुकानाला तो मानावा लागतो. फायरफॉक्समध्ये ही खूण आपल्याकडेही आहे, मी ती लावून ठेवली आहे. इथल्या दुकानांवर तिची सक्ती नाही, एवढंच.

फोनचंही थोडं आवरलं. अँड्रॉइडमध्ये गूगलच्या सेटिंगमध्ये ‘ॲड्स’ खाली जाहिरात ओळख क्रमांक पुसता येतो, तो पुसला. आईंच्या फोनवर त्यांचं स्वतःचं खातं काढून दिलं. १९०९ वर डीएनडी, म्हणजे जाहिराती नकोत अशी नोंद, केली, पण ती फोन आणि एसएमएसपुरती. व्हॉट्सॲपवरचा उपद्रव त्यात येत नाही, तिथे त्या नंबरला ब्लॉकच करावं लागतं. लॅपटॉपवर जाहिराती आणि माग काढणारे अडवणारं यूब्लॉक ओरिजिन घातलं, फुकट आहे. आता फॉर्म भरताना आधी पिनकोड चालतो का ते बघते, नंबर शेवटी.

कलेक्टर कचेरीतल्या अर्जाची चौकशी करायला मार्चअखेरची गर्दी ओसरली की जाणार आहे. सोबत दुकानाचं ११ फेब्रुवारीचं पत्र जोडणार, कारण कंपन्यांची नावं त्यात त्यांनी स्वतःच्या सहीने दिली आहेत.